रानगुलाबाच्या बियांचे तेल : बाटलीवर लिहिलेल्या प्रदेशाला किती अर्थ असतो?

निर्मळ (नाशिक)

नमस्कार. गेली चार वर्षे मी घरच्या घरी साबण, मलम आणि चेहऱ्याला लावायची तेले तयार करते आणि ओळखीतल्या लोकांना देते. माझा प्रश्न रानगुलाबाच्या बियांच्या तेलाविषयी आहे. हे तेल म्हणजे पाकळ्यांपासून काढलेले गुलाबाचे अत्तर नव्हे. फूल गळून गेल्यावर देठाशी जे लाल बोंड धरते, त्याच्या आतल्या बिया दाबून काढलेले हे तेल असते. त्याला गुलाबाचा वास नसतो, ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी बाटली उघडताच आधी वासच घेतात आणि हिरमुसतात.

गेल्या वर्षी मी दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून हे तेल घेतले. एका बाटलीवर चिली असे लिहिले होते, तर दुसरीवर नुसतेच ‘युरोप’. पहिले तेल तांबूस केशरी होते, बोटांवर चोळले की लगेच मुरत असे आणि त्याला किंचित मातकट, सुक्या गवतासारखा वास होता. दुसरे फिकट पिवळे होते आणि दोन महिन्यांत त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागला. त्यात बनवलेले सगळे मलम मला टाकून द्यावे लागले. विक्रेत्याला विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की चिलीचे तेल अँडीज पर्वताच्या थंड हवेतले असल्यामुळे श्रेष्ठच असते आणि युरोपचे तेवढे टिकत नाही.

हे खरे आहे का? ज्या प्रदेशात झाड वाढते, तिथल्या हवामानाचा तेलावर खरोखर इतका परिणाम होतो, की हे केवळ विक्रीचे बोलणे आहे? जाणकारांनी सविस्तर सांगावे, कारण पुढची खरेदी मला याच महिन्यात करायची आहे.

तेलबिया (पुणे)

निर्मळताई, मी अनेक वर्षे तेलांच्या परीक्षणशाळेत काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हवामानाचा परिणाम होतो, यात शंका नाही. मात्र तुमच्या दोन बाटल्यांत जो फरक पडला तो हवामानामुळेच पडला, असे मला वाटत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूनच विचार केला पाहिजे.

आधी हवामान कसे काम करते ते पाहू. पुण्यात डिसेंबरात खोबरेल बाटलीत गोठते, पण शेजारीच ठेवलेले जवसाचे तेल पाण्यासारखे वाहते राहते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. खोबरेलातली मेदाम्ले (ज्यांपासून तेल बनते ती आम्ले) जवळजवळ सगळी संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली, असतात, तर जवसात दुहेरी बंध असलेली आम्ले भरपूर असतात आणि हे बंध जितके जास्त तितके तेल थंडीत पातळ राहते. वनस्पतीलाही थंडीत आपल्या पेशींची आवरणे लवचीक ठेवावी लागतात. त्यामुळे हवा गार असली की एका दुहेरी बंधाच्या ओलिक आम्लाचे दोन बंधांचे लिनोलिक आणि लिनोलिकचे तीन बंधांचे लिनोलेनिक करणारी तिची विकरे (एन्झाइम) अधिक काम करतात आणि उष्णता वाढली की ती मंदावतात, काही तर लवकर नष्टही होतात. दाणा भरत असताना हवा गार असेल तर पुष्कळ तेलबियांत बहुबंधी मेदाम्ले वाढतात. आपल्याकडचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सूर्यफुलाचे आहे. थंडीच्या रात्रींत दाणा भरलेल्या सूर्यफुलाच्या तेलात लिनोलिक आम्ल जास्त निघते आणि उन्हाळी पिकाच्या तेलात ओलिकचे प्रमाण वाढते. तेव्हा थंड प्रदेशातील तेल वेगळे असते, या म्हणण्याला शास्त्रीय आधार आहे.

आता रानगुलाबाकडे येऊ. त्याच्या बियांच्या तेलात साधारणपणे ३५ ते ५५ टक्के लिनोलिक, १६ ते २७ टक्के लिनोलेनिक आणि १४ ते २२ टक्के ओलिक आम्ल आढळते. पामिटिक आणि स्टिअरिक मिळून थोडेच असते. हा पल्ला मोठा आहे हे लगेच लक्षात येते आणि तो प्रदेशामुळेच पडतो असे समजण्याचा मोह होतो. परंतु हंगेरीतील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात रानगुलाबाच्या बियांचे तेल निरनिराळ्या पद्धतींनी, म्हणजे द्रावकाने, ध्वनिलहरींच्या साहाय्याने, सूक्ष्मलहरींनी आणि दाबाखालील कार्बन डायऑक्साइड वायूने, काढून पाहिले. तेव्हा लिनोलिक आम्लाचे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांपासून ५५ टक्क्यांपर्यंत बदललेले दिसले. तेल काढण्याची पद्धत बदलल्याने आकडे एवढे हलत असतील, तर दोन देशांच्या दोन बाटल्यांची तुलना करून ‘हा हवामानाचा गुण’ असे म्हणणे घाईचे ठरते.

आणखी एक बाब विक्रेते सांगत नाहीत. ज्या तेलात लिनोलेनिक आम्ल जास्त, ते हवेशी अधिक वेगाने संयोग पावते आणि लवकर खवट होते. थंड प्रदेशातील तेलात ते आम्ल जास्त असेल, तर ते तेल अधिक काळजीने ठेवावे लागेल, ते आपोआप जास्त टिकणार नाही. ‘थंड हवेतले म्हणून टिकाऊ’ हे विधान म्हणूनच उलटे आहे. टिकाऊपणा तेलातील टोकोफेरॉलवर (जीवनसत्त्व ई गटातील द्रव्यांवर), विशेषतः गॅमा टोकोफेरॉलवर, आणि त्याहूनही तेलाला लागलेल्या हवा, उजेड व उष्णतेवर अवलंबून असतो.

रंगाबद्दल लिहायचे तर तांबूसपणा कॅरोटीन गटातील रंगद्रव्यांचा असतो. ही द्रव्ये प्रामुख्याने बोंडाच्या गरात असतात. बियांना गर चिकटलेला राहिला किंवा गरासकट दाबून तेल काढले, तर रंग गडद येतो, आणि तेल शुद्धीकरणातून गेले असेल तर जवळजवळ रंगहीन होते. तुमच्या फिकट बाटलीचा रंग कदाचित कारखान्यातच उतरला असावा. त्याचा युरोपच्या उन्हाशी संबंध जोडू नये.

पर्णिका

तेलबिया यांचे विवेचन वाचून समाधान वाटले. वनस्पतिशास्त्राच्या बाजूने एक मूलभूत मुद्दा मांडते, तो म्हणजे ‘रानगुलाब’ ही एक जात नाही.

युरोपातून आणि तुर्कस्तानातून येणारे तेल बहुधा रोझा कॅनिना या जातीचे असते. चिलीमध्ये ज्याला रोसा मोस्केता म्हणतात, ती प्रत्यक्षात मुख्यतः रोझा रुबिजिनोसा आहे. तिची पाने ओली झाली किंवा चुरगळली की सफरचंदासारखा वास येतो. नावामुळे पुष्कळ बाटल्यांवर रोझा मोस्काटा असे छापलेले असते, पण तो वेगळा गुलाब आहे. जपान आणि ईशान्य आशियाच्या किनाऱ्यावरील रोझा रुगोसा तर आणखी निराळी, तिची बोंडे छोट्या टोमॅटोएवढी होतात. म्हणजे निर्मळ यांच्या दोन बाटल्यांत प्रदेश तर वेगळा होताच, पण बहुधा जातही वेगळी होती.

रुबिजिनोसा चिलीची मूळ रहिवासी नाही. ती युरोपातून गेलेली आहे. अँडीजच्या पायथ्याशी, कुरणांच्या कडेला आणि रस्त्यांलगत ती इतकी माजली की तिथल्या शेतकऱ्यांना ती घाणेरीसारखी उपद्रवी वाटते, आणि तरीही हजारो ग्रामीण कुटुंबे हंगामात तिचीच बोंडे काट्यांतून हाताने तोडून चार पैसे मिळवतात. अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आणि दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या लेसोथो या देशाच्या डोंगरांतही हीच जात पसरली आहे. एकाच जातीला चार वेगवेगळी हवामाने मिळाली, त्यामुळे हवामानाचा परिणाम तपासायला याहून चांगली नैसर्गिक संधी नाही. चिलीच्या मध्य-दक्षिण भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि बी भरते ते कोरड्या उन्हाळ्यात, जेव्हा दिवस उबदार आणि रात्री गार असतात. लेसोथोत नेमके उलटे आहे. त्या देशाचा सर्वांत सखल भागसुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच आहे आणि पाऊस उन्हाळ्यात, म्हणजे बी भरण्याच्याच काळात, पडतो. दोन्हीकडचे तेल ‘डोंगरातले, थंड हवेतले’ म्हणून विकता येईल, पण झाडाने अनुभवलेला ऋतू मात्र एक नाही.

या गुलाबांचे प्रजोत्पादनही विलक्षण आहे. कॅनिना आणि रुबिजिनोसा या दोघींच्या पेशींत साधारणपणे ३५ गुणसूत्रे असतात, सातांचे पाच संच. परागकणात त्यांतील फक्त ७ जातात आणि बीजांडात २८ राहतात. म्हणजे पाचांपैकी चार हिस्से आईकडून येतात. त्यामुळे आईचे गुण पिढ्यान्‌पिढ्या फारसे न बदलता चालू राहतात आणि एखाद्या खोऱ्यात मोजक्या झुडपांपासून पसरलेली सगळी झुडपे एकमेकींसारखीच असू शकतात. एका खोऱ्याचे तेल दुसऱ्याहून वेगळे निघाले, तर ते तिथल्या हवेमुळे की तिथे आधी पोहोचलेल्या आजीमुळे, हे केवळ बाटलीतल्या तेलावरून ठरवता येत नाही. दोन्हीकडची झुडपे एकाच शेतात शेजारी लावून पाहावी लागतात.

याच गोंधळाचे जुने उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात संत्री येणे बंद झाले तेव्हा १९४१ पासून तिथे मुलांकडून आणि महिलांकडून रानगुलाबाची बोंडे गोळा करवून जीवनसत्त्व क साठी त्यांचे सरबत बनवले जात असे. त्या वेळी असे दिसले की उत्तरेकडील बोंडांत हे जीवनसत्त्व जास्त असते. त्याचे एक कारण असे होते की उत्तरेत गुलाबाच्या वेगळ्याच जाती वाढतात. (जाता जाता : हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, ते गरात असते, तेलात नसते. तेलाच्या जाहिरातीत ते दिसले तर सावध व्हावे.)

रानवाट (बांबेर्ग, जर्मनी)

मी गेली अकरा वर्षे इथे राहते आणि माझ्या घरामागच्या पायवाटेला दोन्ही बाजूंनी कॅनिनाचे कुंपण आहे, म्हणून जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिते.

जूनमध्ये फिकट गुलाबी, पाच पाकळ्यांची फुले येतात आणि दोन-तीन आठवड्यांत संपतात. वर्षातून एकदाच बहर, पुन्हा नाही. हिरवे बोंड जुलै-ऑगस्टमध्ये भरते आणि हाच इथला सर्वांत उष्ण काळ आहे, गेल्या काही उन्हाळ्यांत तर पारा ३५ अंशांच्या पुढे गेलेला मी अनुभवला आहे. सप्टेंबरअखेर बोंडे लाल होतात. म्हणून ‘युरोप थंड, तेव्हा बी थंडीत भरते’ हे समीकरण मला पटत नाही. बोंडे काढताना थंडी असते हे खरे, पण तोवर बीमधले तेल तयार होऊन गेलेले असते.

बोंड आडवे कापले की आत पिवळसर, टोकदार, दगडासारख्या टणक वीसेक बिया दाटीने बसलेल्या दिसतात आणि त्यांच्या भोवती बारीक पांढरी लव असते. ही लव हाताला लागली की खाजकुइलीसारखी आग होते. पहिल्या वर्षी मी हातमोजे न घालता बोंडे साफ केली आणि दोन दिवस बोटांच्या बेचक्यांत खाज राहिली. आमच्या फ्रँकोनिया भागात गराचा मुरंबा करतात, त्याला हीफनमार्क म्हणतात, आणि शेजारच्या आजी सांगतात की पहिले दव गोठून गेल्यावरच बोंडे काढावीत, म्हणजे ती मऊ आणि गोड होतात.

मात्र तेलासाठी ही प्रथा योग्य आहे का, याविषयी मला शंका वाटते. मऊ झालेल्या बोंडांना इथल्या ओल्या शरदात बुरशी फार लवकर धरते. एका ऑक्टोबरात आठवडाभर पाऊस लागला होता, तेव्हा टोपलीत ठेवलेली निम्मी बोंडे तिसऱ्या दिवशी करड्या बुरशीने भरली. तेलबिया, अशा बोंडांतल्या बियांचे तेल कसे निघेल?

वऱ्हाडी

धागा फार उपयुक्त चालला आहे. आमच्याकडे जवस रब्बीत घेतात आणि दाणा भरताना ऊन लवकर तापले तर दाणा बारीक राहतो, हे आम्ही दरवर्षी पाहतो. तेलाच्या गुणातही फरक पडत असावा, हे तेलबिया यांच्या प्रतिसादामुळे आज नीट समजले.

एक विचारतो. हा गुलाब महाबळेश्वर किंवा चिखलदऱ्याला लावता येईल का? थंड हवेची ठिकाणे आहेत आणि आमच्या गटातील काही तरुण नव्या पिकाच्या शोधात आहेत.

पर्णिका

वऱ्हाडीदादा, तुमच्या गटाने यात पैसे घालू नयेत, असे मी मनापासून सांगेन. कॅनिनाचे बी आधी काही आठवडे ऊब आणि नंतर काही महिने गोठणबिंदूच्या जवळची थंडी मिळाल्याशिवाय नीट रुजत नाही, आणि झुडपालाही फुलण्याआधी खऱ्या हिवाळ्याची विश्रांती लागते. महाबळेश्वरची थंडी सुखद असली तरी या कामाला पुरेशी नाही. शिवाय तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक नेमका जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे बोंड भरण्याच्या काळात. पानांवर काळे ठिपके पडून झुडपे उघडी होतील. चिखलदऱ्याला पाऊस कमी असला तरी उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही या झुडपाच्या मानाने उष्णच आहेत.

आपल्या देशात रानगुलाबांचे खरे माहेर हिमालयात आहे. हिमाचल आणि उत्तराखंडात कुंजा नावाची पांढऱ्या फुलांची वेल, म्हणजे रोझा ब्रुनोनी, ओढ्यांकाठी झाडांवर चढलेली दिसते, पण तिची बोंडे वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, एवढीच असतात. लडाखमध्ये रोझा वेबियाना आहे. सियाचेन या नावातला ‘सिया’ म्हणजे हाच रानगुलाब. कोरडी हवा, कडक ऊन आणि अतिशय गार रात्री, अशी तिची जागा आहे. मी नुब्रा खोऱ्यात ती पाहिली तेव्हा सुरईच्या आकाराच्या लाल बोंडांनी झुडपे लगडली होती. तिथल्या लोकांनी आपल्या गरजेपुरती ती वापरावीत आणि पक्ष्यांसाठीही राहू द्यावीत असे मला वाटते, कारण त्या उजाड प्रदेशात हिवाळ्यात खायला फारसे काही नसते.

तेलबिया (पुणे)

रानवाट यांनी विचारलेला प्रश्न मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझ्या मते प्रदेशाचा सर्वांत मोठा परिणाम इथेच होतो, बी भरताना नव्हे तर बोंड झाडावरून उतरल्यानंतर.

बुरशी आणि ओलावा यांमुळे मेद तोडणारी विकरे जागी होतात आणि तेलातील मुक्त मेदाम्ले, म्हणजे तेलापासून तुटून सुटी झालेली आम्ले, वाढतात. असे तेल काढतानाच आंबूस असते आणि पुढे खवटपणाही लवकर येतो. चिलीच्या मध्य भागात हंगामाच्या सुरुवातीला, फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा कोरडी असते आणि बोंडे लवकर वाळवता येतात. ओल्या शरदाच्या प्रदेशात भट्टीवर अवलंबून राहावे लागते, आणि घाईने भट्टी जास्त तापवली तर लिनोलेनिक आम्लाची आणि कॅरोटीनची हानी तिथेच सुरू होते. म्हणजे हवामानाचा परिणाम आहे, परंतु तो वाळवणाऱ्याच्या कौशल्यातून जातो. चांगला वाळवणारा ओल्या प्रदेशातही उत्तम बी देईल आणि निष्काळजी माणूस कोरड्या हवेतही ते बिघडवेल.

ही काळजी घेतली जातेच असे नाही, कारण बी हा बऱ्याच ठिकाणी दुय्यम माल आहे. चिलीतून गराची सुकी सालपटे चहासाठी मोठ्या प्रमाणावर जर्मनीला जातात आणि बी मागे उरते. त्या बीत तेलही थोडे, शंभर किलोंत साधारण पाच ते दहा किलो. शेंगदाण्यात ते चाळीस-पन्नास किलो असते, यावरून कल्पना यावी. एवढ्या थोड्या तेलासाठी टणक बी दाबताना घाणा तापतो, म्हणून ‘थंड दाबाचे’ या शब्दांमागे प्रत्यक्ष तापमान किती होते, हे विचारणे रास्त आहे.

निर्मळताई, तुम्ही विक्रेत्याला देशाआधी चार गोष्टी विचाराव्यात. जात कोणती, बोंडे कोणत्या वर्षी तोडली, तेल कोणत्या पद्धतीने आणि कधी काढले, आणि या विशिष्ट घाण्याच्या मालाचे पेरॉक्साइड मूल्य (तेल हवेमुळे किती बिघडू लागले ते सांगणारा आकडा) व मुक्त मेदाम्ले किती. शेवटचे दोन आकडे कागदावर मिळाले तर बाटलीवरचे पर्वताचे चित्र पाहण्याची गरज उरत नाही. दक्षिण गोलार्धातला हंगाम फेब्रुवारी ते मे आणि उत्तरेतला सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो, एवढे ध्यानात ठेवले तर कोणते तेल ताजे असण्याची शक्यता आहे, तेही आपल्याला ताडता येते.

तुम्ही ती दुसरी बाटली कोणत्या महिन्यात मागवली होती?

निर्मळ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. तेलबिया, तुमचा प्रश्न वाचून मी जुनी पावती काढून पाहिली. फिकट तेल एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आले होते, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत, आणि पार्सल नऊ दिवस वाटेत होते. चिलीचे तेल डिसेंबरात आले होते, गडद तपकिरी काचेच्या बाटलीत. मी मात्र वर्षभर युरोपच्या हवेला दोष देत राहिले.

काल दोन्ही विक्रेत्यांना तुम्ही सांगितलेले चार प्रश्न लिहून पाठवले. एकाने उत्तर दिले की जात रोझा कॅनिना आहे, बोंडे गेल्या शरदातली आहेत, तेल घाण्याचे आहे आणि चाचणीचा कागद मागवून पाठवतो. दुसऱ्याने पुन्हा अँडीजविषयीच लिहिले आहे. कागद आला की त्यातले आकडे इथे लिहीन, तेव्हा ते वाचायला मला मदत करावी. तोपर्यंत फक्त शंभर मिलिलिटर मागवते आहे. बाटली आली की तारीख लिहून थेट फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्याशेजारी ठेवेन.